देवळाली कॅम्प : पलटणी आल्या-गेल्या, गाव कोणाचं?

दारणाकाठ (ठाणे, मानपाडा)

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या सेकंड होमचं वारं आहे. कर्जत झालं, मुरबाड झालं, आता कुणीतरी देवळालीचं नाव काढलं. जाऊन आलेले लोक फोटो टाकतायत आणि एकच सूर आहे : "किती हिरवं, रस्ते किती रुंद, एक होर्डिंग नाही. हे आपल्या ठाण्याला का जमत नाही?" माझं बालपण तिथल्या कॅम्पात, म्हणजे लष्कराच्या छावणीत गेलं. ग्रुपवर उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं आणि तिथे कुणी वाचलं नसतं, म्हणून इथे धागा काढतोय. जुने देवळालीकर, फौजी मंडळी आणि नियम-कायदा जाणणारे असतील त्यांनी भर घालावी.

आधी भूगोल. मुंबईकडून निघालं की इगतपुरी, घोटी, पाडळी, अस्वली, लहवित आणि मग देवळाली. पुढचं स्टेशन नाशिक रोड. देवळाली गाव वेगळं. ते नाशिक रोडला चिकटून आहे आणि महापालिकेत गेलंय. फोटो येतायत ते कॅम्पाचे : लॅम रोड, रेस्ट कॅम्प रोड, हौसन रोड, मिठाई स्ट्रीट, संसरी नाका, आणि पलीकडच्या टोकाला भगूर.

हा कॅम्प तिथे का पडला? १८५७ नंतर देशी शिपायांवर एवढं विसंबून राहायचं नाही असं इंग्रजांनी ठरवलं. सैन्याच्या फेररचनेवरच्या पील आयोगाने बंगालकडे दोन देशी शिपायांमागे एक गोरा आणि मुंबई-मद्रासकडे तिघांमागे एक असं प्रमाण सुचवलं. म्हणजे साठ-पासष्ट हजार गोरे सैनिक कायमचे हिंदुस्थानात पोसायचे. दरवर्षी नवे बोटीने आणायचे आणि मुदत संपलेले परत पाठवायचे. त्यात ही पोरं पटापट मरत होती. सैन्याच्या आरोग्यावरच्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ साली आला, त्याच्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा मोठा हात होता. त्यात वर्षाला हजारी ६९ मृत्यू असा आकडा निघाला, आणि त्यात लढाईत पडलेले थोडे. बाकी सगळे पटकी, हगवण, ताप आणि दारूचे. साठ हजारांवर हिशेब करून बघा, वर्षाला चार हजार कबरी.

मुंबई बंदरात उतरलेल्या पोराला शहराच्या दमट, गच्च हवेत ठेवणं म्हणजे त्याला मरायला सोडणं. घाटमाथ्यावर हवा कोरडी, दारणेचं पाणी बारमाही, सपाट माळ, आणि रेल्वे याच बाजूने जाणार हे ठरलेलं. १८६१ मध्ये देवळालीत छावणी पडली ती या गरजेतून. पुणे, नगर, कामठी या छावण्या मुलूख ताब्यात ठेवायला होत्या. देवळाली मुलूख राखायला नव्हती, थांबायला होती. बोटीतून उतरलेली तुकडी आधी इथे, मग जिथे पाठवायची तिथे. परतणारेही इथेच गोळा व्हायचे. पाच हजार माणसं राहतील एवढ्या बराकी होत्या आणि बोटींच्या हंगामात त्या भरलेल्या असत.

हा हंगाम महत्त्वाचा. सरकारची पाच मोठी सैनिकी जहाजं होती : क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. ती शरदापासून वसंतापर्यंत फेऱ्या करायची. उन्हाळ्यात तांबडा समुद्र आणि मग पावसाळा, तेव्हा फेऱ्या बंद. एखाद्याची मुदत शेवटची बोट सुटल्यावर संपली तर पुढच्या हंगामापर्यंत त्याने बसून राहायचं. धड काम नाही, धड घर नाही, खिशात पगार आणि बाजारात दारू. हिवताप आणि गुप्तरोग होतेच, डोक्यावर परिणाम झालेलेही कमी नव्हते. कॅम्पाच्या स्वभावात ते वाट पाहणं मुरलंय असं मला कायम वाटत आलंय. आमच्या वर्गातली अर्धी मुलं मार्चची परीक्षा झाली की बदलून जायची. जूनमध्ये नवी यायची : पंजाबी, मल्याळी, गढवाली. मैत्री करताना आमचा पहिला प्रश्न असायचा, "तुझ्या पप्पांचं पोस्टिंग किती वर्षांचं?"

जुन्या बराकी बारकाईने बघा. जोतं कमरेएवढं उंच, चारी बाजूंनी व्हरांडा, छताच्या कण्यावर हवा निघून जायला झरोक्यांचं दुसरं बुटकं छप्पर, आणि दोन बराकींमध्ये भरपूर मोकळी जागा. हा डामडौल नव्हता. त्या काळी रोग कोंदट, सडक्या हवेने होतात असं मानत, म्हणून माणशी किती घनफूट हवा मिळाली पाहिजे याचा हिशेब करून इमारती बांधल्या. जंतू कुणाला माहीत नव्हते, पण मोकळ्या हवेचा आणि स्वच्छ पाण्याचा उपाय लागू पडला. सोसायटीवाले ज्या मोकळ्या जागेचे फोटो काढतायत, ती तिथून आली.

आणि माझं म्हणणं एवढंच आहे : देवळालीचं हिरवेपण हा तिथल्या लोकांचा गुण नाही आणि नशीबही नाही. तिथे लष्कर राहिलं आणि जमीन विकायला मिळाली नाही, म्हणून ते टिकलं. त्याची किंमत गावकरी देतात, पाहुणे फोटो काढतात. यावर वाद घालायचा तर या.

शंकासुर (ठाणे, वाघबीळ)

मस्त धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली). पण आम्ही खरंच तिथे एक बंगली बघून आलोय हो, त्यामुळे शेवटचं वाक्य टोचलं. किंमत म्हणजे नक्की काय? जरा इस्कटून सांगा.

कळवा_यार्ड

रेल्वेचा विषय निघालाय म्हणून थोडी भर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे, १ मे १८५४ ला कल्याण, १८५५ मध्ये वाशिंद, १८६० मध्ये आसनगाव आणि १ जानेवारी १८६१ ला कसारा. घाट चढून इगतपुरीपर्यंत गाडी गेली ती १ जानेवारी १८६५ ला. म्हणजे छावणी पडली त्या वर्षी गाडी कसाऱ्यापाशी संपत होती आणि पुढे थळ घाट रस्त्यानेच चढायचा होता. चार वर्षं सैनिक, सामान, बैलगाड्या असाच कारभार. तरीही छावणी तिथेच टाकली, याचा अर्थ लोहमार्गाची आखणी लष्कराच्या डोळ्यांपुढे होती.

आणि हो, या सगळ्या पलटणी आपल्या ठाण्यावरूनच गेल्या. खाडीच्या पुलावरून.

अवांतर : देवळाली स्टेशनचं अलीकडचं मानाचं पान म्हणजे देशातली पहिली किसान रेल. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला सुटली. नाशिकची भाजी आणि फळं. नाव लष्कराचं, माल शेतकऱ्याचा.

निवृत्त_तोपची (ऐरोली)

जय हिंद मंडळी. दारणाकाठ यांनी इतिहास छान मांडला, पण एक गोष्ट राहून गेली. लेखात देवळाली म्हणजे गोऱ्यांची धर्मशाळा वाटते. आम्हा गनरांसाठी ती पंढरी आहे.

मी नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात रंगरूट म्हणून लागलो. लोकांचा इथे गोंधळ होतो. केंद्र वेगळं, स्कूल वेगळं. केंद्रात कच्च्या पोराचा जवान होतो. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत अधिकारी आणि आमच्यासारखे हवालदार-नायक पुढचे कोर्स करायला येतात. हे स्कूल मूळचं काकुलचं, १९२३ साली सुरू झालेलं. ॲबटाबादजवळचं हे काकुल आता पाकिस्तानात आहे आणि तिथे त्यांची लष्करी अकादमी आहे. आमच्या तोफखान्याचा स्थापना दिवस २८ सप्टेंबर, कारण १८२७ साली त्या दिवशी पाच नंबरची बॉम्बे माउंटन बॅटरी उभी राहिली. खेचरांवर तोफेचे सुटे भाग लादून डोंगर चढणारी बॅटरी.

पायदळाच्या पलटणीला झेंडा असतो, निशाण असतं. तोफखान्यात तोफ हेच निशाण. तिला पाय लावायचा नाही, तिची पूजा होते. घोषवाक्य 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल'.

आता देवळालीच का, ते सांगतो. पिक्चरमध्ये दाखवतात तसं तोफवाल्याला शत्रू दिसत नाही. तोफ डोंगराच्या आड, लक्ष्य कित्येक किलोमीटर पलीकडे. १०५ मिलिमीटरची आपली फील्ड गन १७ किलोमीटरवर मारते. लक्ष्य दिसतं ते फक्त पुढे टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेल्या निरीक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे आमच्या भाषेत ओपीला. तो वायरलेसवर ठिकाण कळवतो. कमांड पोस्टमध्ये टेक्निकल असिस्टंट अंतर, उंचीतला फरक, वारा, हवेचं तापमान आणि तोफेच्या दारूचंही तापमान धरून कोन काढतो. थंडीत पहाटेचा गोळा आणि दुपारचा गोळा एकाच कोनातून एका जागी पडत नाही. पहिला गोळा पडला की ओपी सांगतो, उजवीकडे घ्या, शंभर वाढवा. दुसरा पडतो. मग तिसऱ्याला सगळ्या तोफा एकदम. हे शिकवायला लांबलचक मोकळा माळ लागतो, मागे आडोसा देणारे डोंगर लागतात आणि ओपी बसवायला टेकड्या लागतात. देवळालीच्या रेंजवर तिन्ही आहेत.

कारगिलमध्ये १९९९ ला अडीच लाखांच्या वर गोळे आणि रॉकेटं मारली. त्यातल्या कितीतरी हातांनी पहिला गोळा देवळालीच्या माळावर डागला होता. दरवर्षी 'तोपची' नावाचा सराव होतो, त्यात पाहुण्यांना सगळी हत्यारं दाखवतात. ९ नोव्हेंबर २०१८ ला के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा सैन्यात दाखल झाल्या, तो कार्यक्रमही देवळालीतच झाला. एम-७७७ चं वजन टायटॅनियममुळे सव्वाचार टनांच्या आसपास. हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर नेता येते. बोफोर्स ओढताना आमचे जे खांदे गेले ते आठवून आम्ही नुसतं बघत राहतो.

पाहुण्यांनी फोटो काढावेत. फाटकावरच्या जवानाचा मात्र काढू नये.

सानपाडा_काकू

सुभेदारसाहेब, मनापासून नमस्कार.

माझं माहेर दादरचं. लहानपणी मे महिन्यात देवळालीला 'हवापालटाला' जायचो, शेजारच्या गुजराती कुटुंबाबरोबर. लॅम रोडला पारशी, जैन, लोहाणा अशा एकेका समाजाची सॅनेटोरियम होती, काही अजून आहेत. क्षयावर धड औषध नव्हतं तेव्हा कोरडी हवा, दूध आणि विश्रांती हाच इलाज होता. लष्कराच्या डॉक्टरांनी जी हवा सैनिकांसाठी निवडली, ती मुंबईच्या शेठलोकांनी आपल्या माणसांसाठी उचलली. क्षयाचे रुग्ण कमी झाले आणि तीच सॅनेटोरियम सुट्टीची घरं झाली. खोलीचं भाडं नाममात्र, स्वयंपाकाची भांडी ऑफिसातून मोजून मिळायची आणि जाताना मोजून परत द्यायची. एक चमचा कमी भरला म्हणून मोटाभाई अर्धा तास खोली झाडत होते, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

एक राहिलं. पहाटे अंथरुणात असताना लांबून धप्प, धप्प आवाज यायचा आणि फळीवरचे पितळेचे डबे किणकिणायचे. आम्हा मुलांना वाटायचं, कुठे लग्नाचे फटाके वाजतायत. सुभेदारसाहेब, तुमचाच प्रताप तो!

इतिहासवेडा_वाशी

१९६२ च्या युद्धात भारतातल्या चिनी वंशाच्या लोकांना देवळालीच्या छावणीत डांबलं होतं ना? त्याबद्दल कुणी लिहा.

दारणाकाठ

ते देवळी, राजस्थानात टोंकजवळ. तीही जुनी छावणीच, म्हणून नेहमी घोळ होतो. देवळालीत डांबले होते ते दुसऱ्या महायुद्धात, आणि जर्मन-ऑस्ट्रियन. युद्ध पेटलं तेव्हा जे जर्मन नागरिक इथे सापडले त्यांना आधी अहमदनगरला ठेवलं, तिथून देवळाली आणि मग डेहराडून. नंगा पर्वतावर आलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांच्यात होता. पुढे १९४४ मध्ये तो डेहराडूनच्या छावणीतून पळाला आणि हिमालय ओलांडून ल्हासाला पोचला. एरवी थांबायला लावणाऱ्या गावाने याला तेवढं धरून ठेवलं नाही.

आणि फाळणीनंतर देवळालीतही निर्वासितांचा कॅम्प होता. आमच्या वेळी हौसन रोडवर कापडाची आणि मिठाईची निम्मी दुकानं सिंधी बांधवांची असायची. त्यांच्या आधी छावणीला दूध, पाव, फर्निचर, शिलाई पुरवायला पारशी, बोहरी, मारवाडी आले होते. फौजेबरोबर बाजार येतोच, तो प्रत्येक छावणीत सदर बाजार म्हणून वेगळा आखलेला असायचा. गमतीचा भाग असा, की मिठाई स्ट्रीटवर मराठी, सिंधी, गुजराती आणि फौजी हिंदी एकाच वाक्यात ऐकू येतं.

कॅम्प_चार (उल्हासनगर)

दारणाकाठ, तुमच्या मुद्द्याला माझा दुजोरा, पण दुसऱ्या बाजूने.

आमचं उल्हासनगर म्हणजे मुळात कल्याण ट्रान्झिट कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला. देवळालीसारखंच काम, जाणाऱ्या-येणाऱ्यांना ठेवायचं. युद्ध संपलं, लष्कर गेलं, बराकी रिकाम्या राहिल्या. मग सिंधमधून आलेली माणसं त्या बराकींत भरली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि उल्हासनगर नाव मिळालं. नाव बदललं, पण पत्ता बदलला नाही. अजून आम्ही कॅम्प नंबर एक ते पाच असंच सांगतो. माझ्या आजोबांच्या रेशनकार्डावर गल्ली नाही, रस्ता नाही. बॅरेक नंबर आणि खोली नंबर, बस्स. एका लांबलचक बॅरेकमध्ये पोत्याचे पडदे लावून कितीतरी कुटुंबं राहिली. मग पडद्याच्या जागी भिंत आली, भिंतीवर माळा, माळ्यावर मजला, मजल्यावर कारखाना.

उल्हासनगर आणि देवळाली, एकाच पिठाच्या दोन भाकऱ्या. एक तव्यावर राहिली, एक चुलीत पडली. आमच्याकडे हिरवं काही उरलं नाही, पण जे उभं राहिलं ते आमच्या लोकांनी स्वतःच्या हातांनी उभं केलं. देवळालीला जाऊन लोक "किती शिस्त" म्हणतात आणि उल्हासनगरला येऊन नाक मुरडतात, तेव्हा मला राग येतो. दोन्हींमधला फरक माणसांचा नाही. एका ठिकाणी लष्कर थांबलं, एका ठिकाणी नाही.

दारणाकाठ

@कॅम्प_चार, +१००. हे मला लिहायला जमलं नसतं.

कळवा_यार्ड

ठाणे जिल्ह्यातच तिसरा नमुना आहे. कल्याणजवळ नेवाळीला महायुद्धात धावपट्टीसाठी शेतकऱ्यांची जमीन घेतली. युद्ध संपलं, विमानं गेली, शेतकरी परत जमीन कसू लागले, पण कागदावर ती संरक्षण खात्याचीच राहिली. २०१७ च्या जूनमध्ये कुंपण घालायला सुरुवात झाली तेव्हा आंदोलन पेटलं, गाड्या जळाल्या. छावणी उठली तरी कागद उठत नाही.

भगूरचा_बाळ (कोपरखैरणे)

मी पक्का भगूरकर, नोकरीसाठी इथे. भगूरला लोक सावरकरांचा वाडा बघायला येतात (जन्म २८ मे १८८३). राजकारण नको, धाग्याचा काश्मीर होईल, पण एक विचार डोक्यात येतो. ज्या पोराने पुढे इंग्रजांशी उभा दावा मांडला, तो त्यांच्या बराकींच्या हाकेच्या अंतरावर वाढला. बिगुल त्याने रोज ऐकला असणार.

आता सुभेदारसाहेबांच्या पंढरीची दुसरी बाजू. रेंजला लागून शिंगवे बहुलासारखी गावं आहेत. फायरिंगच्या काळात हद्दीवर लाल झेंडे लागतात, दवंडी होते, नोटीस लागते, गुरं तिकडे न्यायची नाहीत. याला १९३८ चा कायदा आहे, नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. पण ज्याची दुभती म्हैस कुंपण तुडवून रेंजमध्ये गेली त्याला कलम सांगून काय उपयोग? आणि गोळ्यांचं भंगार. पितळ-तांबं विकून चार पैसे मिळतात म्हणून पोरं आत शिरतात आणि न फुटलेल्या गोळ्याला हात लावतात.

हिरवळीचा आणखी एक रहिवासी म्हणजे बिबट्या. दारणाकाठचा ऊस आणि लष्कराचं रान, त्याला दोन्हीकडे मोकळीक. संध्याकाळी सातनंतर आमची आई अंगणात पोरांना सोडत नाही. सेकंड होमवाल्यांनी कुत्रा पाळायचा असेल तर रात्री घरात घ्या, ही फुकटची सूचना.

निवृत्त_तोपची

@भगूरचा_बाळ, बाळा, तू म्हणतोस ते खरं आहे. फायरिंग झाल्यावर न फुटलेले गोळे शोधून जागेवर उडवायचं काम असतं, तेही आम्हीच करतो. पण पावसात जमिनीत रुतलेला गोळा दोन वर्षांनी नांगराला लागू शकतो. जाळीत शिरणाऱ्या पोरांना आम्ही पकडून हाकलायचो, खायला घालून. दुसऱ्या दिवशी तीच पोरं.

वकिली_चष्मा (ठाणे, नौपाडा)

@शंकासुर, 'किंमत म्हणजे काय' याचं उत्तर देतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, कारभार. कटक मंडळ, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड, २००६ च्या कायद्याने चालतं. त्याआधी १९२४ चा होता. पन्नास हजारांवर वस्ती असेल तर ते पहिल्या वर्गात. देवळालीची २०११ ची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास. कायद्यानुसार अशा बोर्डावर निवडून आलेले आठ, आणि समोर स्टेशन कमांडर, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, मुख्य कार्यकारी अधिकारी, आरोग्य अधिकारी, कार्यकारी अभियंता आणि तीन लष्करी अधिकारी मिळून आठ. अध्यक्ष कायम स्टेशन कमांडर आणि मतं समसमान पडली तर निर्णायक मत त्यांचं. नगरसेवकाने कितीही टेबल वाजवलं तरी बेरीज बदलत नाही. शिवाय लष्कराच्या जमिनीवर घरपट्टी नाही, त्याऐवजी केंद्राकडून सेवाशुल्क येतं, ते येईल तेव्हा. मग गटाराचा खर्च सदर बाजारातल्या दुकानदाराच्या पट्टीतून.

दुसरी, जमीन. छावणीत सातबारा शोधू नका. तिथे जनरल लँड रजिस्टर असतं, जीएलआर म्हणतात त्याला. १९३७ च्या नियमांनुसार जमिनीचे वर्ग : ए-वन लष्कराच्या प्रत्यक्ष वापराची, ए-टू राखीव मोकळी, बी-वन केंद्राच्या इतर खात्यांची, बी-टू राज्याची, बी-थ्री खासगी ताब्यातली, बी-फोर उरलेली, आणि सी म्हणजे बोर्डाकडे सोपवलेली. तुम्हाला जो जुना बंगला देखणा वाटला तो बहुतेक बी-थ्री ओल्ड ग्रँटचा असणार. ओल्ड ग्रँट म्हणजे जमीन सरकारची, तुमची फक्त वरची इमारत. मूळ कल्पना अशी की अधिकाऱ्यांना राहायला बंगले हवेत, ते खासगी माणसाने बांधावेत. सरकारला जागा लागली तर महिन्याची नोटीस आणि इमारतीची किंमत देऊन परत घ्यायची. दोनशे वर्षांच्या त्या अटी आजही कोर्टात उभ्या राहतात. विक्री, वाटणी, वाढीव बांधकाम, वापर बदलणं, सगळ्याला मंजुरी लागते. म्हणूनच चार पिढ्यांनी एक वीट चढवली नाही आणि कौलं शेवाळली. दारणाकाठ म्हणतात ती किंमत हीच. तुम्हाला ते 'हेरिटेज' वाटतं, त्या घरातल्या भावंडांना ते न फुटणारं वाटप असतं.

तिसरी, भवितव्य. देशात ६२ कटक मंडळं होती, बराकपूर १७६५ चं सगळ्यांत जुनं. महाराष्ट्रात सात : पुणे, खडकी, देहूरोड, अहमदनगर, औरंगाबाद, कामठी आणि देवळाली. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलातलं योल मोडीत काढलं. धोरण असं आहे की नागरी वस्ती शेजारच्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत जाईल आणि उरलेलं निखळ मिलिटरी स्टेशन होईल. कागदावर छान. पण ओल्ड ग्रँटच्या जमिनीची मालकी कुणाकडे, बोर्डाच्या शाळा-दवाखान्याचे कर्मचारी कुणाकडे, याचा निकाल प्रत्येक गावात वेगळा लागेल.

सानपाडा_काकू

म्हणजे बोर्ड गेलं की लॅम रोडवर टॉवर?

दारणाकाठ

काकू, मला तीच भीती आहे, आणि कॅम्पात राहणाऱ्या माझ्या मावसभावाला तीच आशा आहे. त्याच्या घराच्या मागची भिंत पडायला आली आहे, वर एक खोली काढायची तर पोरगा लग्नाचा झाला तरी परवानगीची वाट बघतोय. मी ठाण्यात सातव्या मजल्यावर बसून "कॅम्प असाच राहू दे" म्हणालो की तो फोन ठेवतो. मला तरीही असाच राहावा असं वाटतं. माझं मत तो खोडू शकत नाही, पण त्याला ते पाळायला लावायचा हक्क मला नाही, हेही कळतं.

काही गोष्टी मात्र लष्कर आहे तोवर जाणार नाहीत. झाडांच्या बुंध्याला खाली चुना, वर गेरूचा पट्टा. रस्त्याकडेच्या दगडांना आलटून-पालटून पांढरा-लाल रंग. खंडोबाच्या टेकडीवर चंपाषष्ठीला गर्दी आणि त्या गर्दीत भंडाऱ्याने पिवळे झालेले फौजी. बार्न्सच्या शाळेची १९२५ पासूनची दगडी इमारत. आणि संध्याकाळी रिट्रीटचा बिगुल वाजला की सायकलवरून उतरून उभे राहणारे म्हातारे, ज्यांचा लष्कराशी संबंध फक्त दूध घालण्यापुरता होता.

शंकासुर

वकीलसाहेब, दंडवत. एजंटला फोन करून जीएलआरचा उतारा मागितला. म्हणाला, "साहेब, तो कशाला हवा, सगळं क्लिअर आहे."

वकिली_चष्मा

मग एजंट बदला. उतारा, ताबेदाराच्या नावाची नोंद आणि मंजूर नकाशा, हे तीन कागद हातात पडल्याशिवाय टोकन देऊ नका. छावणीच्या हद्दीबाहेर भगूरच्या किंवा लहवितच्या बाजूला बघायला हरकत नाही, तिथे सातबारा मिळेल आणि व्यवहार नेहमीसारखा होईल. फक्त संरक्षण खात्याच्या भिंतीपासून किती अंतरावर किती मजले चालतात ते आधी विचारून घ्या. आपल्याकडे कोलशेतला हवाई दलाच्या केंद्राजवळ राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

भगूरचा_बाळ

भगूरला आलात तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पण मे महिन्यात पाण्याचा टँकर कितीला पडतो ते माझ्याकडूनच ऐका, एजंटकडून नको.